दुकानाची किल्ली खिशात, हिशेबाची किल्ली कोणाकडे?

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. मूर्ती किती बुडाली यावरून भांडी बाजार आणि सराफ बाजारातील दुकानदार माल कधी उचलायचा ते ठरवतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये, २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ रोजी या बाजारपेठेने पाणी पाहिले आहे. माल वाचवण्याची विद्या आमच्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

२०१९ च्या त्या पुरात आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराने पोराबाळांसह खपून सारा माल माडीवर नेला. एक वस्तू मात्र खाली राहिली. काउंटरखालचा संगणकाचा डबा. पाणी ओसरल्यावर तो डबा घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाई, माल वाचला, पण हिशेब गेला." संगणकाचा नाद आम्हास पंचवीस वर्षांपासून आहे, त्यामुळे ओळखीचे लोक असली कामे घेऊन येतात. आम्ही डबा उघडला. हार्ड डिस्कमध्ये गाळ शिरला होता. आमच्या हातून काही निघाले नाही, आणि मोठ्या शहरातील प्रयोगशाळेचा खर्च त्या वेळी त्यांना झेपणारा नव्हता. सहा वर्षांची खाती, उधारी, पुरवठादारांची देणी, सगळे त्या एका डब्यात होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पुढचे चार महिने हे गृहस्थ दारोदार फिरले. जे इमानदार होते त्यांनी आपला आकडा आपणहून सांगितला आणि फेडला. काहींनी मात्र थंडपणे विचारले, "वही दाखवा." वही नव्हती. ती उधारी तिथेच बुडाली.

या प्रसंगावर आम्ही बराच विचार केला. आमचे मत असे झाले की आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी संगणक घेतला, मोबाईल घेतला, स्कॅनचा कागदही काउंटरवर लावला, परंतु वहीबरोबर जी शिस्त होती ती मागे सोडून दिली. संगणकावर आमचा राग नाही. या यंत्रावर आमचे प्रेम आहे, आणि म्हणूनच चार गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात.

वही तिजोरीत होती

आमच्या वाडवडिलांच्या दुकानात रोजमेळ होता, खतावणी होती. दुकान बंद करताना वही तिजोरीत जात असे आणि तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला असे. मुनीम कितीही विश्वासाचा असला तरी वही घरी नेत नसे. हा मुनीमजींवर अविश्वास नव्हता. मालकाने आपली जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

आज काय दिसते? गेल्या काही वर्षांत आम्ही भद्रकाली, दूध बाजार, वडाळा नाका या भागांतील बऱ्याच दुकानांतले आणि गॅरेजमधले संगणक पाहिले. एका ठिकाणी पासवर्ड पडद्यालाच चिकटवलेला होता. दुसऱ्या ठिकाणी सगळा हिशेब आठवड्यातून दोनदा येणाऱ्या हिशेबनिसाच्या लॅपटॉपमध्ये होता, दुकानात काहीच नव्हते. तिसऱ्या ठिकाणची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. दुकानाचे ईमेल खाते कामावरच्या मुलाने स्वतःच्या मोबाईल नंबरवर काढून दिले होते आणि जीएसटीच्या नोंदणीलाही तोच नंबर दिला होता. मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, नंबर बंद पडला, आणि विवरणपत्र भरण्यासाठी येणारा ओटीपी मालकापर्यंत पोहोचेना. मुलगा चांगला होता, त्याने काही चोरले नाही. तरीसुद्धा आपल्याच दुकानाच्या दारात मालक परका झाला. नंबर बदलून घेण्यासाठी त्याला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागले.

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपून ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे सहा वर्षे. "संगणक बिघडला" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

फुकटच्या सॉफ्टवेअरची किंमत

दुसरा मुद्दा कडू आहे, पण सांगितला पाहिजे. आमच्या बाजारपेठेत चोरीचे सॉफ्टवेअर वापरणे हा कोणाला दोष वाटत नाही. संगणक जोडून देणारा माणूस विंडोज टाकतो, हिशेबाचे सॉफ्टवेअर टाकतो, छपाईवाल्यांना कोरल आणि फोटोशॉप टाकून देतो, आणि मालक म्हणतो, "सगळे फुकटात झाले." शेजारच्या दुकानातून कोणी कापडाचा ताका उचलून आणला तर आम्ही त्याला चोर म्हणू. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याला दुसरा न्याय लावता येणार नाही.

हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर एका व्यापाऱ्याच्याच गरजेतून जन्मले. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवीत असत. आपला हिशेब ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत यांनी ते लिहिले आणि १९८६ पासून त्याचा धंदा उभा राहिला. कारागिराच्या मेहनतीची किंमत कारागीर नाही ओळखणार तर कोण ओळखणार? आपल्या हातच्या नक्षीची कोणी नक्कल केली तर आपल्याला काय वाटते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु खरे नुकसान कैदेपेक्षाही मोठे आहे. चोरीची प्रत चालावी म्हणून ती टाकणारा माणूस कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या बंद करून ठेवतो. कुलूप तोडण्यासाठी जो लहानसा प्रोग्राम तो चालवतो, त्याबरोबर आणखी काय आत आले हे त्यालाही ठाऊक नसते. दाराची कडी काढून ठेवल्यावर चोराला बोलवावे लागत नाही.

ज्यांना पैसे देणे परवडत नाही त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. लिनक्स आणि लिबरऑफिस ही सॉफ्टवेअरे त्यांच्या कर्त्यांनीच सर्वांना मोकळी करून दिली आहेत. ती वापरणे, दुसऱ्याला देणे यात चोरी नाही. लिबरऑफिस मराठीतही चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, ते यंत्र फेकून देण्याआधी त्यावर लिनक्स टाकून पाहावे. बिले, पत्रे, साधा हिशेब यासाठी ते पुष्कळ आहे.

न्हावा शेवाला काय घडले

"आमच्यासारख्या लहान दुकानदाराच्या वाटेला कोण जाणार?" असे पुष्कळजण विचारतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे परदेशी जातात ती मुख्यतः न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. डेन्मार्कची मर्स्क कंपनी ते टर्मिनल चालवीत होती. तिचे जगभरातील संगणक एकाच दिवशी एका विषाणूने बंद पाडले होते.

हा विषाणू आला कोठून? युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कवर कोणाचा राग नव्हता. घाव दुसऱ्यावर घातला होता, यांची मान मध्ये आली. ज्या छिद्रांतून हा विषाणू एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता, त्यातील मुख्य छिद्र बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण अनेक ठिकाणी ती कोणी बसवलीच नव्हती, आणि जाळ्यातले एक यंत्र उघडे असले तरी विषाणूला तेवढे दार पुरत होते. कंपनीने स्वतः सांगितलेले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरातले होते.

यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मर्स्कच्या साऱ्या संगणकांचा ताळमेळ ठेवणाऱ्या मुख्य नोंदीच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्या. एकच उरली, आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात. तेथे नेमकी त्या वेळी वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते आणि वाचले. एवढी मोठी कंपनी त्या एका प्रतीवरून पुन्हा उभी राहिली. वीज जाण्याला आम्ही नेहमी नावे ठेवतो. येथे तिने कंपनीची अब्रू राखली. यावरून धडा असा की एक प्रत नेहमी तारेपासून तुटलेली असावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क ही दुसरी प्रत नव्हे. विषाणू आला तर दोन्ही एकदमच जातात, आणि पूर आला तरी दोन्ही एकदमच बुडतात.

दुकानाचा फोन आणि मुलांचे खेळ

आता खेळाविषयी. आमच्या समाजात व्हिडिओ गेमचे नाव काढले की वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. आम्ही स्वतः तरुणपणी रात्र-रात्र खेळलो आहोत, आणि संगणक उघडून जोडण्याची विद्या आम्ही गेम चालावा या हट्टापायीच शिकलो. म्हणून खेळ सरसकट वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. पैसे लावून खेळायचे खेळ मात्र वेगळे आहेत. त्याला 'कौशल्य' म्हणा की आणखी काही, गल्ल्यातला पैसा त्यात गेल्याची उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि साध्या खेळांना व ई-स्पोर्ट्सना वेगळे ठेवले. हा भेद आम्हास योग्य वाटतो.

आमची तक्रार दुसरीच आहे. ज्या फोनवर दुकानाचे बँक खाते आहे, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्याच फोनवर संध्याकाळी मुले खेळतात आणि कोठूनही मिळेल तो खेळ उतरवून घेतात. खेळाला मेसेज वाचण्याची परवानगी कशाला हवी? संपर्कांची यादी कशाला हवी? आपण न वाचता 'होय' दाबतो. अलीकडे तर लग्नपत्रिकेच्या नावाने किंवा गाडीच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' फाइल येते. ती पत्रिका नसते, तो प्रोग्राम असतो. तो बसला की आलेला ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके असेल तर ती कितीही जवळच्या नातेवाइकाच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन फसलेला असू शकतो.

स्वस्तातला दुसरा फोन घेऊन दुकानाचे व्यवहार त्यावर ठेवणे, हा आमच्या मते आजचा सर्वांत स्वस्त विमा आहे. तसेच पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो, हे कामावरच्या प्रत्येक मुलाला पाठ करून द्यावे. काउंटरवरचा स्कॅनचा कागद रोज सकाळी आपल्याच फोनने तपासावा. त्यावर दुसऱ्याचा कागद चिकटवून जाणारे भामटे आहेत.

गिऱ्हाइकाची माहिती ही अमानत

आतापर्यंत आपल्या नुकसानीचे बोललो. आता दुसऱ्याच्या नुकसानीचे बोलू, कारण तेथे आपली जबाबदारी अधिक आहे.

शिंप्याकडे घराघरांतील स्त्रियांची मापे, फोटो आणि नंबर असतात. बांगड्यांच्या, मेंदीच्या, कपड्यांच्या दुकानात तेच. महात्मा गांधी रोडवर किंवा गल्लीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या हाती तर माणूस आपले सारे घरच देऊन जातो. फोटो, संदेश, बँक, सगळे. गिऱ्हाईक पासवर्डसुद्धा विश्वासाने सांगते. त्या विश्वासावर आपली रोजी चालते. दुरुस्तीला आलेल्या फोनमधील एक फोटो जरी बाहेर गेला, तरी एखाद्या मुलीचे आयुष्य त्यात सापडते आणि त्या दुकानाचीच नव्हे, साऱ्या गल्लीची पत जाते. म्हणून दुरुस्तीसाठी पासवर्ड लागत नसेल तर मागूच नये, आणि लागला तर गिऱ्हाइकासमोर काम करून त्याला तो बदलायला सांगावा. आमच्या ओळखीचा एक कारागीर हे अनेक वर्षे करीत आला आहे, आणि त्याच्या दुकानात भगिनींची रीघ का असते, हे शेजाऱ्यांना अद्याप उमगलेले नाही.

"आम्ही काय लपवतो, की खाजगीपणाची चिंता करावी?" असेही काहीजण म्हणतात. खाजगीपणा म्हणजे गुन्हा लपवणे नव्हे. घराला पडदा असतो तो घरात चोरी चालते म्हणून नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू करण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी घेतो ते गिऱ्हाइकाला सांगणे, ती जपणे, काम झाल्यावर पुसणे, ही या कायद्याची सूत्रे आहेत. माहिती न जपणाऱ्यास जास्तीत जास्त २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे नव्हे, पण वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते ओळखावे. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बिलासाठी मोबाईल नंबर सक्तीने मागू नये, असे दुकानदारांना कळवले होते.

भाड्याची खोली देताना, सिमकार्ड विकताना आधारच्या प्रती घेतल्या जातात आणि पुढे त्याच कागदांत भजी बांधून दिली जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जेथे चालत असेल तेथे केवळ शेवटचे चार आकडे दिसणारे आधार घ्यावे, आणि काम संपले की कागद फाडावा.

भंगारात गेलेली वही

भंगाराचा धंदा आमच्या नाशिकात मोठा आहे आणि आमचे अनेक बांधव त्यात आहेत. जुने संगणक तेथे वजनावर जातात. विकणाऱ्याला वाटते, आपण फाइली पुसल्या. प्रत्यक्षात फाइल पुसणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. पाने जागीच असतात. जुन्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पहिला मजकूर साध्या प्रोग्रामनेही परत निघतो. आम्ही एकदा भंगारातून आणलेल्या डिस्कमधून एका डॉक्टरांच्या रुग्णांची यादी निघताना पाहिली आणि ती तेथेच नष्ट केली.

आमच्याच नाशिकरोडला १९२५ साली स्थापन झालेला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे. देशाचे पासपोर्ट तेथे छापले जातात, आणि आता चिप असलेले ई-पासपोर्टही तेथेच तयार होतात. तेथे बिघडलेला कागदसुद्धा रद्दीत जात नाही, मोजून नष्ट केला जातो. आपले दुकान लहान आहे, पण गिऱ्हाइकाच्या नावाचा कागद आपल्यासाठी तेवढाच मोलाचा असला पाहिजे. विकण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यावी, नाहीतर तिच्यात भोके पाडावीत. भंगार घेणाऱ्या बांधवांनीही ही सेवा स्वतः होऊन दिली, तर मोठी कार्यालये त्यांच्याकडेच येतील. इमानदारीतही धंदा आहे.

शेवटी

वाचक विचारतील, नेमके करावे काय? आमचे सांगणे लांबलचक नाही. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात: एक दुकानात, एक घरी, आणि एक तारेपासून तुटलेली, उंचावर ठेवलेली. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि दुकान बंद करण्याआधी प्रत काढावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली नोट. दुकानाचे ईमेल, जीएसटी आणि बँक मालकाच्या स्वतःच्या नंबरवर असावीत. पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवावेत आणि ते कोठे आहे हे घरातील एका माणसाला ठाऊक असावे. मालकाला काही झाले तर बायकापोरांना स्वतःच्याच पैशांसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये. पैसे फसवून गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीत पैसा अडवला जाण्याची आशा सर्वांत अधिक असते.

पुरात हिशेब गमावलेले ते आमचे परिचित आज पुन्हा उभे आहेत. संगणक त्यांनी सोडला नाही. आता दर शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते, तेव्हा ते एक लहान डिस्क जोडतात, प्रत काढतात, डिस्क सोडवतात आणि रुमालात बांधून घरी नेतात. मागच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. नदीला पाणी वाढत होते. पोरे माल उचलत होती आणि हे शांत बसले होते. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी खिशावर हात ठेवून सांगितले, "भाई, वही घरी आहे. आता माल उचलायला वेळच वेळ आहे."